त्रेचाळीस दात

माझ्यावर सर्वात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी नागपुरातल्या जरीपटक्याच्या दातवाल्या काकांचं नाव घेतो. ऐकणाऱ्याला ते दातांचे डॉक्टर वाटतात. काकांनी आयुष्यभर दातच पाहिले, पण लोखंडाचे. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. जुन्या जीपच्या धुऱ्यातले, म्हणजे चाकांच्या आसातले, गिअर बदलायचे असले की चंद्रपूर-गडचिरोलीहूनही लोक त्यांच्याकडे येत. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटीवर काळ्या ऑइलचा असा थर बसला होता की ते वाचता येत नसे, आणि कोणाला वाचायची गरजही पडत नसे.

मी सिंदेवाहीचा. वडील राईस मिलमध्ये पोती उचलायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गाडीच्या धुऱ्याचा एक कापलेला नमुना काचेच्या कपाटात ठेवलेला होता. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे असते ते मला चार वर्षांत कळलं नाही. त्या नमुन्यावरचे दहा मार्कांचे प्रश्न मी व्यवस्थित सोडवले, पण पदवी हातात पडेपर्यंत गिअरला हात लावलेला नव्हता.

पहिली नोकरी मिळाली ती आदिवासी भागात फिरता दवाखाना चालवणाऱ्या एका संस्थेत. चार जुन्या जीप होत्या आणि त्यांची देखभाल माझ्याकडे. सर्वात जुनी जीप चालवायचे सुखदेवभाऊ. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, बोलायला मोकळे. त्यांनीच मला पहिल्यांदा काकांकडे नेलं.

काका लोखंडी स्टुलावर बसून चहा पीत होते. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "किती दात?"

"सर, रेशो पाच पॉइंट सदतीस आहे," मी म्हणालो.

"इथं कोणी सर नाही. अन् गाडीत पॉइंट नसते गा. गाडीत दात असतात. किती?"

मला माहीत नव्हतं. सुखदेवभाऊ हसायला लागले. "काका, इंजिनेर हाये थो. त्याले गाडीतलं नका विचारू, पुस्तकातलं विचारा."

काका हसले नाहीत. उठून त्यांनी भिंतीवरून एक पिनियन, जोडीतला लहान गिअर, काढला आणि माझ्या हातात ठेवला. मी दोन्ही हात पुढे केले होते, प्रसाद घेताना करतात तसे.

"जड हाये ना? घाबरू नको बाबू, चावत नाही. मोज."

मी मोजले. आठ होते. तेवढंच. पण कुलूपबंद कपाटासमोर चार वर्षं उभं राहिलेल्या माणसाला त्या आठ दातांचं काय वाटलं असेल ते मला नीट सांगता येत नाही. त्या दिवसापासून पुढची दोन वर्षं, सुटीच्या दिवशी, मी त्यांच्याकडे शिकायला जात राहिलो. मला काही येत नाही हे त्यांनी कधी कोणासमोर बोलून दाखवलं नाही. हाक मात्र "इंजिनेर" अशीच मारायचे, आणि सहा महिन्यांनंतर त्या हाकेतली थट्टा गेली.

त्यांच्याकडे गिअर जोडीनं असत. ताटाएवढं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन, आणि त्याला फिरवणारा मुठीएवढा पिनियन. दोन्ही कारखान्यात एकमेकांवर घासून तयार होतात, म्हणून एकाच्या जागी दुसऱ्या जोडीतला चालत नाही. काकांनी प्रत्येक जोडी तारेनं बांधून खिळ्याला टांगलेली असे. कोणी नुसता पिनियन मागितला की ते म्हणत, "तुह्या घरी कोणी अर्धी जोडी मागाले आलं तं देशीन का?" आणि गिऱ्हाईक परत जायचं.

गिअर बसवल्यावर ते दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावत. चाक फिरवलं की दात जिथे दाताला टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो. पुसलेला डाग दाताच्या मधोमध हवा. टाचेकडे किंवा टोकाकडे सरकला तर गिअर कण्हत चालतो आणि लवकर मरतो. गल्लीतल्या मारुतीच्या पुजाऱ्यानं एकदा शनिवारी शेंदूर कमी पडला म्हणून मागितला, तर काकांनी दिला नाही. "देवाचा येगळा, दाताचा येगळा. यात कचरा हाये, देवाले चालन का, मले माहीत नाही. पण तुह्या डब्याले सवय लागली तं माहा डबा संपन."

गाडीचा आवाज ऐकायची त्यांची तऱ्हा तर नागपूरभर माहीत होती. ते जीपच्या मागच्या भागात, सीट काढून, पत्र्याला गाल लावून आडवे पडत आणि सुखदेवभाऊंना कोराडी रोडनं गाडी न्यायला सांगत. डोळे मिटलेले, हात छातीवर. एकदा सिग्नलवर पोलिसानं आत डोकावून विचारलं, "पेशंट आहे का रे?"

"हो साहेब," सुखदेवभाऊ म्हणाले, "धंतोलीच्या दवाखान्यात नेऊन राहिलो. दात गेले बिचाऱ्याचे."

पोलिसानं रस्ता मोकळा करून दिला. काका पडल्या पडल्या म्हणाले, "तिसऱ्या गिअरवर बोलून राहिली. चाल वापस."

हा प्रसंग सुखदेवभाऊ प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. मीही खूप हसलो होतो.

आता मोजणीबद्दल. काका दात एकट्यानं कधीच मोजत नसत. त्यांचं म्हणणं, माणूस मोजताना त्याला पाहिजे तोच आकडा मोजतो. म्हणून आधी ते मोजत, मग गिऱ्हाइकाला किंवा ड्रायव्हरला मोजायला लावत. कोणी आकडा बोलायचा नाही. खडूनं आपापल्या तळहातावर लिहायचा, मूठ मिटायची, आणि काका "उघड" म्हणाले की दोघांनी एकदम उघडायची. आकडे जुळले तर काम सुरू. नाही जुळले तर काका आधी चहा मागवत, कारण वाद डोक्यात असताना मोजणी चुकते. मोठमोठ्या गाड्यांचे मालक तिथे शाळेतल्या मुलासारखे मूठ मिटून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यातल्या जोड्यांचे दात सारखे असावे लागतात. सारखे नसतील तर साध्या रस्त्यावर काही कळत नाही, कारण तिथे मागचीच चाकं ओढतात. पण चढावर, दगडात, चारही चाकांना जोर दिला की पुढची चाकं एका चालीनं जातात, मागची दुसऱ्या. मधला शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर धुऱ्यांना पोचवणारा दांडा, पिळत जातो. म्हणून मोजणीनंतरही काका शेवटी गाडी चारही बाजूंनी उचलत, टायरांवर खडूच्या रेघा मारत आणि चाकं फिरवून पुढच्या-मागच्या रेघा सोबत फिरतात का ते पाहत. त्याशिवाय गाडी बाहेर जात नसे.

एकदाच गेली.

सुखदेवभाऊंच्या जीपचा मागचा क्राऊन तुटला होता. दुसऱ्या दिवशी आतल्या एका गावात तपासणीचं शिबिर होतं. पुढचा धुरा उघडून सुखदेवभाऊंनी आणि मी मोजला होता: क्राऊन त्रेचाळीस, पिनियन आठ. मागे तीच जोडी हवी होती. त्या मॉडेलचे नवे गिअर मिळत नव्हते, म्हणून काकांच्या भिंतीवरच्या जुन्या जोड्यांतून निवडायची होती. तीन जोड्या खाली काढल्या. पहिलीचे दात झिजले होते. दुसरी आवाज करणारी. तिसरी कुठल्याशा लिलावातल्या मालात आलेली, जवळजवळ कोरी. तिला चिठ्ठी बांधलेली होती, परक्या अक्षरात: ४३/८.

"तिसरीच घ्या काका," सुखदेवभाऊ म्हणाले. "एकदम मक्खन हाये."

"चिठ्ठीवर जाऊ नको," काका मला म्हणाले. "मोज."

पिनियन मोजला, आठ. काकांनी क्राऊन मांडीवर घेऊन बोटं फिरवली आणि माझ्याकडे दिला. मी तो उजेडात, दाराशी नेला. खडूची खूण करून सुरुवात केली. एकवीसपर्यंत आलो असेन, तेवढ्यात संस्थेच्या सचिवांचा फोन आला. गाडी कुठे आहे, औषधं कधी चढवायची, तुम्ही तिथे करता काय. मी "निघालोच सर" म्हणालो. फोन ठेवला तेव्हा बोट कुठल्या दातावर होतं ते मला सांगता येईना. खूण ग्रीसमध्ये पुसली होती. पुन्हा पहिल्यापासून मोजायला पाच मिनिटं लागली असती. समोर चिठ्ठी होती. मी तळहातावर त्रेचाळीस लिहिलं आणि मूठ मिटली.

"उघड."

माझ्या हातावर त्रेचाळीस. काकांच्या हातावर खडूचा नुसता फराटा होता, आकडा नव्हता. त्यांनी मान माझ्या हातावर खाली आणली, जवळ, आणि म्हणाले, "त्रेचाळीस. माहेबी त्रेचाळीस."

मी तो फराटा पाहिला. गेल्या काही महिन्यांत काका चहाचा ग्लास चाचपून उचलत, माणूस बोलल्याशिवाय त्याला नावानं हाक मारत नसत, गिअरवरचे नंबर मंदाताईकडून वाचून घेत. मंदाताई त्यांची मुलगी, वर्कशॉपचं सामान तीच पाहायची. काकांच्या अनेक तऱ्हांत आणखी एक तऱ्हा म्हणून मी ते सोडून दिलं होतं. त्या क्षणी मला सगळं समजलं. पण मला वाटलं, बोटांनी मोजले असतील, तीस वर्षांची बोटं आहेत. त्यांना वाटलं असेल, शिकलेला पोरगा आहे, डोळे चांगले आहेत. दोघांनीही मोजलं नव्हतं, आणि दोघंही समोरच्याच्या भरवशावर होतो.

संध्याकाळ व्हायच्या आत जोडी गाडीत बसली. काका म्हणाले, "उचला आता. रेघा पाहू."

मी म्हणालो, "काका, सरांचा पुन्हा फोन आला. दोघांनी मोजलंय ना आपण."

"टेन्शन नका घेऊ काका," सुखदेवभाऊ म्हणाले, "म्या हळूच नेतो. काही बोलली तं वापस आणून तुमच्या गालाखाली देतो."

काका क्षणभर गाडीकडे तोंड करून उभे राहिले. मग बाजूला झाले.

आठवडाभर काही झालं नाही. नवव्या दिवशी, गडचिरोलीच्या आतल्या भागात, एका कोरड्या नाल्यातून दगडी चढ चढताना सुखदेवभाऊंनी चारही चाकांना जोर दिला. सोबत असलेल्या नर्सबाईंनी नंतर सांगितलं, की आधी गाडी थरथरली आणि मग खालून मोठा आवाज झाला. सुखदेवभाऊंनी पुढच्या चाकांचा जोर काढला, हँडब्रेक ओढला, बाईंना उतरवलं आणि खाली काय झालं ते पाहायला मागच्या बाजूनं वाकले. त्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना धरत नाही, मधल्या शाफ्टला धरतो. आणि तुटला होता तो शाफ्टच. दगडाला अडलेली जीप सुटून मागे आली.

धंतोलीच्या एका दवाखान्यात ते तीन दिवस होते. काका रोज दुपारी जरीपटक्याहून ऑटोनं यायचे, हात रॉकेलनं धुतलेले, आणि पॅसेजमधल्या बाकावर भिंतीला गाल लावून बसायचे. तिसऱ्या दिवशी नर्सनं सुखदेवभाऊंच्या बायकोला आत बोलावलं. आवाज ऐकून काकांनी मला विचारलं, "संपलं का गा?" मी हो म्हणालो.

पुढच्या आठवड्यात ओढून आणलेली जीप काकांच्या दारात उघडली. सचिव समोर उभे होते. मंदाताईनं मागच्या क्राऊनचे दात मोठ्यानं मोजले. एक्केचाळीस. तिनं परत मोजले. एक्केचाळीस.

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून काही निघण्याआधी काका बोलले.

"याच्या मुठीत एक्केचाळीसच होते, साहेब. पोरानं बरोबर मोजले होते. म्याच रागावलो, म्हटलं पूस थे, त्रेचाळीस लिही. मले कोणी खोटं पाडलेलं चालत नाही. विचारा कोणालेबी."

मंदाताई बापाकडे वळली. सुखदेवभाऊंना ती राखी बांधायची. "डोळ्यानं दिसत नोहोतं तं काहून जिद्द केली बाबा?" ती म्हणाली. "काहून?"

मी गप्प राहिलो. मला ते वाक्य शंभरदा आठवतं: मी गप्प राहिलो. सचिव गेल्यावर मी काकांना विचारलं, असं का सांगितलं म्हणून.

"माहे डोळे चाललेच होते," काका म्हणाले. "हे काम माह्या हातून सुटणारच होतं. तुहं आता सुरू झालं. तुह्याकडून मोजणीत चुकलं असन, चुकते माणूस. म्या तं मोजलेच नोहोते. मग जास्त कोणाचं?"

तेव्हा तरी म्हणायला हवं होतं, की काका, मीही मोजले नव्हते. मी त्यांच्या पाया पडलो आणि निघालो.

काकांची गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आंधळा आणि हेकट म्हातारा, त्याच्या हट्टापायी माणूस गेला. चार महिन्यांत वर्कशॉप बंद झालं. मला मात्र बुटीबोरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात चांगली नोकरी मिळाली. संस्थेनं दिलेल्या प्रमाणपत्रात लिहिलं होतं, "अचूक मोजमाप आणि दबावाला न झुकण्याची वृत्ती." वडिलांनी ते फ्रेम करून घरात लावलं.

चार वर्षं मी काकांकडे गेलो नाही. दिवाळीला फोन करायचो, तेही मंदाताई उचलेल या भीतीनं लवकर ठेवायचो. मागच्या महिन्यात गेलो. काका दारात खुर्चीवर बसले होते. डोळे पूर्ण गेले होते. एक जोडी मांडीवर घेऊन तिची तार सोडत होते, पुन्हा बांधत होते. माझा आवाज ऐकून म्हणाले, "इंजिनेर? बस गा."

मंदाताईनं माझ्यासाठी आतून गादीची खुर्ची आणली, पंखा माझ्याकडे वळवला. "तुमचं आयकलं असतं तं सुखदेवदादा आज असता," ती म्हणाली. मला कपबशीत चहा दिला. बापाचा ग्लास त्याच्या पायाजवळ फरशीवर ठेवला आणि आत गेली. काकांनी खाली वाकून, चाचपत, ग्लास शोधला. त्या घरात चार वर्षं हे असंच चाललं असणार, एवढं मला त्या एका चहात कळलं.

मी बोलायला तोंड उघडलं. काकांनी मिटलेली मूठ माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि दाबली. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि चहा प्यायलो.

घरी आल्यावर आधी ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं, मग लिहायला बसलो. काकांना आता वाचता येत नाही, म्हणूनच पत्र लिहिलं. ते मंदाताईलाच वाचावं लागणार होतं. काकांच्या तळहातावर त्या दिवशी काय होतं, ते मी त्यात लिहिलं नाही. ते सांगायचं असेल तर काका सांगतील. मी माझं लिहिलं.

ती. काकांस,

सा. नमस्कार. हे पत्र मंदाताई तुम्हाला वाचून दाखवतील. ताई, मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा, आणि मध्ये थांबू नका.

काका, त्या दिवशी माझी मोजणी चुकली असं तुम्हाला वाटतं. ती चुकली नाही. मी मोजलंच नाही. एकवीस दातांपर्यंत आलो, सचिवसाहेबांचा फोन आला, आकडा विसरलो, आणि पुन्हा सुरुवात करण्याऐवजी चिठ्ठीवरचा आकडा हातावर उतरवला. चिठ्ठीवर जाऊ नको, हे तुम्ही मला तेव्हाच सांगितलं होतं.

ताई, माझ्या मुठीत एक्केचाळीस कधीच नव्हते. काकांनी मला काही पुसायला लावलं नाही. ते माझ्यावर रागावलेही नाहीत. गाडी उचलून रेघा पाहू, असं काका म्हणाले होते. नको म्हणालो तो मी. काकांनी साहेबांसमोर सांगितलं ते माझी नोकरी राहावी म्हणून सांगितलं, आणि मी ते सांगू दिलं.

हेच सगळं लिहून मी सचिवसाहेबांना दिलं आहे. प्रमाणपत्र परत केलं आहे. ते भिंतीवरून काढताना बाबांनी कारण विचारलं, त्यांनाही सांगितलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत. कारखान्यातही कळवलं आहे. ते काय ठरवतील ते अजून कळलेलं नाही. काल सुखदेवभाऊंच्या घरी जाऊन वहिनींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग उठून दार उघडून उभ्या राहिल्या. मी निघून आलो.

काका, माझ्या हातात पहिला गिअर तुम्ही दिला. त्याआधी मला सगळे काचेतून दाखवत होते. ते मी विसरलो नाही, आणि विसरलो नाही म्हणूनच चार वर्षं तुमच्या दाराशी येता आलं नाही.

मी येत्या रविवारी सकाळी येतो. मला आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा. पण एकमेकांना न सांगता ठरवा; घ्यायचं असेल तर तळहातावर खडूची रेघ मारा, नसेल तर हात कोरा ठेवा. मी दारात उभा राहीन, तेव्हा काका "उघड" म्हणतील आणि तुम्ही दोघं मुठी उघडा. जे असेल ते मला मान्य आहे.

तुमचा,
इंजिनेर